अकरा नावांची यादी

१

कपाट उघडलं तेव्हा राजमती मगदूमच्या एका हातात चहाचा कप होता, आणि चहा गार होईपर्यंत तो हातातच राहिला. वरच्या कप्प्यात डावीकडे तीस वर्षं एक जाड हिरवी फाईल उभी असायची. तिथं आता चार बोटांची मोकळी जागा होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं आणि कुलूपही धड होतं.

त्या फाईलीत अकरा माणसांची अख्खी नोकरी होती. निनाद पंप्सच्या ड्रॉइंग आणि रेकॉर्ड विभागातल्या जुन्या लोकांना दरवर्षी साहेबांनी दिलेले शेरे त्यात होते, सहीशिक्क्यासह. गुडगावच्या मालकांनी कंपनी घेतली ती दोन वर्षांपूर्वी. त्याआधीचं सगळं कागदावर, कॉम्प्युटरवर त्यातली एक ओळ नव्हती.

नव्या मालकांनी तीन आठवड्यांपूर्वी या अकरा जणांना पत्रं दिली. तुमची बदली राजस्थानातल्या भिवाडी ऑफिसला झाली आहे, तीस दिवसांत हजर व्हा, नाहीतर तुम्ही राजीनामा दिला असं समजू. अकरा जणांत सगळ्यात लहान होता तो एक्कावन्न वर्षांचा. त्याच विभागात चाळिशीच्या आतले चौघे होते, त्यांच्या टेबलावर पत्राचा तुकडाही आला नाही. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार गेली तेव्हा कंपनीनं साळसूदपणे उत्तर दिलं की वयाचा काही संबंध नाही, ही माणसं कामात कमी पडतात. तिथल्या अधिकारी बाईंनी मग जुने शेरे मागवले. सुनावणी परवावर आली होती आणि फाईल गायब होती.

राजमती चौपन्न वर्षांची, त्या अकरांतलीच एक. तीस वर्षं तिनं या खोलीतला एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. तिनं दोनदा सगळं कपाट उपसलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, स्वतःवर चिडली आणि मग नुसती खुर्चीत बसून राहिली. कुणाला सांगावं हेच तिला सुचेना.

अर्ध्या तासानं शिपायानं एक पाकीट आणून दिलं. आत एचआरची नोटीस होती. 'आपल्या ताब्यातील शेऱ्यांची फाईल गहाळ झाल्याचे निदर्शनास आले आहे. अप्रामाणिकपणाबद्दल आपणास कामावरून का काढू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

राजमतीनं ते दोनदा वाचलं. फाईल नाही हे तिनं अजून जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

२

"सम्राटसाहेब, फाईल न्हाई हे तुमाला कुणी सांगितलं?"

सम्राट हा एचआर मॅनेजर, तेहतीस वर्षांचा, जुलैत पुण्याहून आलेला. त्याच्या मागच्या भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"आम्हाला माहिती मिळाली."

"कुणाकडनं? आत्ता कपाट उघडलं मी. मी बोलायच्या आधी तुमाला कळतंय कसं?"

"ते सांगता येणार नाही. आणि मॅडम, वयाचा इथं काही संबंध नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे."

वयाचं तिनं काढलंच नव्हतं. ती बाहेर आली. भिंतीशी बोलली असती तर निदान घसा तरी मोकळा झाला असता.

कपाटाला किल्ल्या दोन. एक तिच्या पर्समध्ये, दुसरी गेटवरच्या फळीला टांगलेली. गेटवर बाळासो होता, अठ्ठावीस वर्षं तोच. त्यानं किल्ल्यांचं रजिस्टर तिच्यापुढं उघडून धरलं.

"बगा अक्का. म्हैन्याभरात रेकॉर्डच्या किल्लीम्होरं एकाची सही न्हाई. त्यो सम्राटसायेब आलता एकदा मागाय. म्हटलं, सही करा. तर म्हणला, ऱ्हाऊ दे. परत गेला बगा. सही केल्याबगार मी कुणाला हात लावू दीत न्हाई."

"नक्की?"

"देवाची आण! ह्यात सही करून कुणीबी न्हेली न्हाई."

ड्रॉइंग ऑफिसात बातमी पोचली तेव्हा सयाजी इंगवले टेबलावर हात आपटून उठला. अठ्ठावन्न वर्षांचा, ड्रॉइंगचा हेड, आवाज असा की शेजारच्या शेडमधली माणसं काम थांबवून बघत. अकरा जणांचा पुढारी तोच होता.

"वैनी, तुमी घाबरायचं न्हाई! तुमच्यावर ठपका ठेवत्यात व्हय? अकरा जण हाय आमी. एकबी मागं हटणार न्हाई."

राजमतीला बरं वाटलं. मग तो तिला खिडकीपाशी घेऊन गेला आणि त्यानं आवाज उतरवला. "एक बोलू काय? आकाराम दोनदा सम्राटच्या केबिनीत जाऊन आलाय. दार लावून. मी काय म्हणत न्हाई, पर ध्यानात असू द्या."

आकाराम पोवार म्हणजे तीस वर्षं तिच्यासमोर बसून डबा खाणारा माणूस. तिच्या डब्यात कांदा-बटाटा नसतो म्हणून जो आपली भाजी वेगळ्या वाटीत काढून खायचा, तो.

३

सुनावणीला सम्राटनं एक जाडजूड बांधलेला गठ्ठा अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवला. मराठीत टाईप केलेला, छापील.

"मॅडम, शेरे यांच्यातल्याच एका बाईंनी गहाळ केलेत. पण आमच्याकडे पाहणी अहवाल आहे. गुडगावहून आलेल्या तज्ज्ञांनी सतरा जून ते सव्वीस जुलै, रोजच्या रोज, कुणाला कळू न देता कामाची पाहणी केली. दर दिवसाचं एक पान आहे."

"गुडगावचे तज्ज्ञ मराठीत लिहितात?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"भाषांतर करून घेतलंय."

अकरा जण मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सयाजी मध्येच उठून "खोटं हाय हे सगळं!" म्हणून ओरडला, बाईंनी त्याला खाली बसवलं. मग त्या राजमतीकडं वळल्या. "एक प्रत तुम्हाला देते. मंगळवारी परत या. मूळ शेरे मिळाले तर आणा. नाहीतर माझ्यासमोर एवढाच कागद आहे, आणि मला कागदावरच जावं लागतं."

बाहेर जिन्यात उभं राहून तिनं गठ्ठा चाळला. आळशी, विसराळू, कॉम्प्युटरला घाबरणारे, दुपारी पेंगणारे असे अकरा म्हातारे त्यात भरले होते. वाचता वाचता तिचे कान तापले. तीस वर्षं मान मोडून काम केलं ते कुणी तरी पस्तीस पानांत पुसून टाकलं होतं.

मग ती एका ओळीवर थांबली. 'आकाराम पोवार यांना खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०१९ साली एकेचाळीस दिवस रजा घ्यावी लागली. सलग बसण्यास डॉक्टरांची मनाई.'

पाहणीला आलेल्या माणसाला आकाराम लंगडताना दिसेल. एकेचाळीस दिवस त्याला कसे दिसतील? डॉक्टरांचा तो कागद फक्त एका ठिकाणी होता, हिरव्या फाईलीत, आणि तिनं स्वतःच्या हातानं तो लावला होता.

म्हणजे फाईल ज्यानं चोरली, त्यानंच ही पानं लिहिली होती.

४

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या नळावर एचआरमधली स्वप्नाली भेटली. पंचवीस वर्षांची पोर, जूनच्या मध्यावर लागलेली. राजमती दिसली की ती आठवडाभर वाट बदलून जात होती. आज वाट नव्हती.

"स्वप्नाली, त्या पाहणीच्या प्रिंटा कुणी काढल्या?"

पोरगी रडवेली झाली. "मीच काढल्या अक्का. मला काय म्हाईत कशासाठी हायत! सम्राटसरांनी पेनड्राइव्ह दिला, म्हणाले छापून आण."

"पेनड्राइव्ह? गुडगावनं पेनड्राइव्ह धाडला?"

"न्हाई की. गुडगावचं सगळं मेलवर येतंय. अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छासुदीक. हे एवढंच पेनड्राइव्हवर आलं." तिनं आजूबाजूला पाहिलं. "माझं नाव घेऊ नका. माझं अजून कन्फर्म व्हायचंय."

राजमतीला तिचा राग आला आणि लगेच ओसरला. ही आज घाबरते, पन्नाशी आली की हिलाही पत्र येईल, एवढाच फरक.

म्हणजे अहवाल गुडगावहून आला नव्हता. तो गावातच कुठं तरी बसून कुणी तरी लिहिला होता. मग तिनं मन घट्ट केलं आणि आकारामला गेटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर गाठलं.

"आकारामभाऊ, सम्राटच्या केबिनीत दोनदा कशाला गेलतासा?"

आकारामनं कप खाली ठेवला.

"लाज वाटत्या सांगाय. म्हटलं, पगार निम्मा करा, पर हितंच ठेवा. पोरीचं लग्न व्हायचंय, आई हातरुणावर. भिवाडीला कुठं जाऊ?" तो कसनुसं हसला. "म्हणला, बघतो काका. काका म्हणला मला. बापाला बोलल्यागत बोलला आणि दार दाखवलं. दुसऱ्यांदा गेलो तर भेटलाबी न्हाई."

"हे आमाला सांगायचं की!"

"काय सांगू? तुमी सगळी लढायला निघालेली. अर्ज मीच लिवलेला. हातानं, एक पान, सगळ्यांच्या सह्या घेऊन. आणि मीच भीक मागाय गेलो म्हणून सांगू?"

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यात त्याला कॉम्प्युटरवर दोन ओळी टाईप करायच्या तर घाम फुटायचा. त्याच्यावर संशय घेतला म्हणून राजमतीला स्वतःचीच चीड आली, आणि पुढं कुणाकडं बघायचं तेही कळेना. मंगळवारला चार दिवस उरले होते.

५

रविवारी दुपारी तिनं ती पस्तीस पानं घरी जमिनीवर मांडली. रेकॉर्डवाल्या माणसाला कागद आधी मोजावा लागतो, तारखेनं लावावा लागतो, वाचायचं नंतर. नवरा दादासो बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होता.

"सोड की आता," तो म्हणाला. "सहा वर्षं ऱ्हायलीत. न्हाई तर घरी बसशील."

"चोर म्हणून घरी बसू?" ती फाडकन म्हणाली. दादासोनं पेपर वर धरला.

एकोणतीस जूनच्या पानावर तिचं नाव होतं. 'राजमती मगदूम दुपारी अडीच वाजता टेबलावर डोके ठेवून झोपलेल्या आढळल्या.'

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. "एकोणतीस जूनला तर मी इचलकरंजीत होतो! भाची ऐश्वर्याच्या लेकीच्या बारशाला."

दादासोनं पेपर खाली केला. "व्हय की. अडीचला तू पंगतीत वाढत होतीस. पयल्यांदाच तू रविवारच्या कार्यक्रमाला आलीस म्हणून समदी चिडवत होती तुला."

पहिल्यांदाच, कारण तीस वर्षं निनाद पंप्सला सुट्टी सोमवारी असायची. त्या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची तशीच. रविवारी आख्खं जग लग्नं लावायचं, बारशी करायचं, आणि निनादची माणसं मशीनवर. राजमतीनं सख्ख्या भावाचा साखरपुडासुद्धा फोटोत पाहिला होता. यंदा एक जूनपासून गुडगाववाल्यांनी सुट्टी रविवारी केली. सगळ्या देशात एकच सुट्टी, म्हणाले. त्यांनी दिलेली तेवढी एकच गोष्ट तिला आवडली होती.

म्हणजे एकोणतीस जूनला कारखान्याला कुलूप होतं. गेटवरच्या माणसाशिवाय तिथं कुणी नव्हतं.

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि एकेक पान ताडून पाहिलं. बावीस जून, एकोणतीस जून, सहा जुलै, तेरा जुलै, वीस जुलै. पाचही रविवारांची पानं होती. मग तिनं सोमवार शोधले. एकाही सोमवारचं पान नव्हतं. पाचच्या पाच सोमवार गाळलेले, आणि त्या सगळ्या सोमवारी ती स्वतः कामावर होती.

आधी तिला आनंद झाला. अहवाल खोटा आहे हे आता लहान मूलसुद्धा सांगेल. मग तिनं पुढचा विचार केला आणि आनंद जागच्या जागी विरला.

गुडगावचा माणूस ही चूक करणार नाही. त्याचा रविवार जन्मापासून सुट्टीचा. सम्राट जुलैत आला, स्वप्नाली जूनच्या मध्यावर, त्या दोघांनी इथं सोमवारची सुट्टी एकदाही घेतली नव्हती. तारखा घालताना हात आपोआप सोमवार ओलांडून जावा, त्यासाठी माणसाची निम्मी हयात या कारखान्यात जायला हवी. नवी सुट्टी डोक्यात शिरते, हाताला लवकर कळत नाही.

आणि अकराही जणांचं काम एवढं बारकाईनं ठाऊक असलेली इतकी जुनी माणसं यादीतच होती. चोर त्यांच्यातलाच होता. अकरांतला एक.

६

सोमवारी सकाळी आठला ती गेटवर उभी होती.

किल्लीला हात पोचणारा एक जुना माणूस यादीबाहेरचाही होता, तो म्हणजे बाळासो. तिनं वाटेत त्याचा विचार करून तो सोडून दिला होता. गेट कधीच बंद नसतं, त्यामुळं पहारेकऱ्यांच्या सुट्ट्या वाटून दिलेल्या. बाळासोची सुट्टी अठ्ठावीस वर्षं गुरुवारी. त्याचा हात सोमवार गाळायचं कारण नव्हतं. शिवाय त्याला कॉम्प्युटर म्हणजे कॅमेऱ्याचा टीव्ही एवढंच ठाऊक.

"बाळासो, मी त्या दिवशी चुकीचं इचारलं तुला. सही करून किल्ली कुणी न्हेली न्हाई हे खरं. सही न करता कुणी न्हेली?"

बाळासोनं टोपी काढली, परत घातली.

"अक्का, तुमीच सांगा. ती नवी मानसं आली की मी सही मागतो. आपल्या मानसाला सही मागू व्हय? तीस वर्सं एका ताटात जेवलेलं मानूस. त्यो म्हणला, जुनं ड्रॉइंग बगायचंय, दे किल्ली. दिली. दुसऱ्या दिशी आनून अडकीवलीबी."

"मग त्या दिवशी माझ्यासमोर देवाची आण कशाला घेतलीस?"

"सही केली न्हाई म्हणून आण घेतली. ती खोटी न्हाई." त्याचे डोळे भरले. "मला वाटलंबी न्हाई वो. तुमच्यावर आलं तवा समजलं. बोललो तर माझी नोकरी जाणार, आणि त्यो आपला म्होरक्या..."

पुढचं त्यानं बोलायची गरज नव्हती. राजमती गेटाच्या कठड्याला धरून उभी राहिली. कामावर येणाऱ्या मोटारसायकली तिच्या बाजूनं जात होत्या आणि तिला त्यांचा आवाजही येत नव्हता.

"गेटाचं रजिस्टर उद्या सुनावणीला लागंल," ती शेवटी म्हणाली. "कारखाना कवा बंद, कवा चालू, सगळं त्यात हाय. घेऊन यायचं. आणि हेबी सांगायचं."

"येतो अक्का," बाळासो म्हणाला.

७

मंगळवार पेठेतलं सयाजीचं घर संध्याकाळी पाचला उघडंच होतं. आत पूर्णिमावैनी, सयाजीची बायको, तांदूळ निवडत होती. निवडत म्हणजे बोटांनी चाचपत. तिची नजर गेल्या तीन वर्षांत जवळजवळ गेली होती.

"राजमती व्हय? पावलावरनं वळकलं. बसा. हे येतील इतक्यात."

"मंडईला एकट्या जाताय का अजून?"

"जातो की. हितली गल्ली अन् गल्ली पायाला पाठ हाय. दुसरीकडं न्हेऊन सोडलं तर मी खोलीतनं भाईर पडायची न्हाई, हे मी ह्यांना सांगून ठेवलंय." तिनं सुपातला खडा काढून टाकला. "लई मन लावून करत्यात वो तुमच्या अर्जाचं. मागं चार दिवस रजा टाकून बसलेत कॉम्प्युटरवर. दिवसभर आपलं टकटक, टकटक. मी म्हटलं, अर्ज हाय का पोथी?"

अर्ज एका पानाचा होता आणि तो आकारामनं हातानं लिहिला होता. राजमतीनं डोळे मिटून घेतले. दारात चपला वाजल्या.

सयाजीनं तिच्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि तो मागच्या खोलीत गेला. राजमती त्याच्या मागून गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"सोमवार गाळलासा, सयाजीराव. पाचच्या पाच. आणि रविवारी आमाला कामावर झोपवलंसा."

आधी त्याला कळलंच नाही. मग त्यानं कपाळावर हात मारला आणि खाटेच्या कडेवर बसला. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, आता त्याचं बोलणं ऐकायला तिला वाकावं लागलं.

"दोन वर्षं ऱ्हायलीत माझी. सम्राट म्हणला, तुमच्यासारखं लिहिणारं कोण न्हाई, तुमाला सगळ्यांचं काम म्हाईत हाय. लिहून द्या, फाईल काढून घ्या, सुनावणी झाली की तुमचं पत्र मागं घेतो. हिला घेऊन भिवाडीला कसा जाऊ मी? तुमी बघितलंसा न्हवं तिला?"

"कागदावर दिलं काय त्यानं हे?"

सयाजी गादीची कड चाचपू लागला.

"न्हाई न्हवं? तीस वर्षं ड्रॉइंग काढलंसा. सहीबिगर एक रेघ पुढं जाऊ दिली न्हाईसा आणि हितं तोंडी बोलण्यावर दहा माणसं इकलीसा!" तिचा आवाज चढला. "मला चोर ठरीवलंसा! आकारामवर माझा संशय घातलासा! तो बिचारा निम्म्या पगारावर ऱ्हायला तयार हुता, दुसऱ्याच्या पानात हात घालाय गेला न्हाई!"

"हळू बोला. तिला म्हाईत न्हाई."

"फाईल कुठं हाय? जाळलीसा?"

सयाजीनं गादीची कड वर केली. खालच्या फळीवर हिरवी फाईल होती. "सम्राटनं जाळ म्हणून सांगितलं. पर तीत माझेबी शेरे हायत. तीस वर्षांचे. जाळवंना."

राजमतीनं फाईल उचलली. तिला या माणसाला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि बाहेर सुपाचा आवाज येत होता.

"उद्या अकरा वाजता," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगायचं. न्हाई तर मी सांगतो."

८

अधिकारी बाईंनी पाच तारखा कॅलेंडरवर पाहिल्या, मग गेटाच्या रजिस्टरमध्ये पाहिल्या. प्रत्येक तारखेपुढं 'कारखाना बंद' असं बाळासोच्या अक्षरात होतं. गाळलेल्या पाच सोमवारी कारखाना चालू होता. त्यांनी चष्मा काढून सम्राटकडं पाहिलं.

"तुमचे तज्ज्ञ बंद कारखान्यात कुणाची पाहणी करत होते?"

"तारखांची काही तरी गडबड झाली असेल मॅडम. भाषांतरात."

तेवढ्यात मागच्या बाकावरून सयाजी उठला. त्यानं कुणाकडंही पाहिलं नाही. "भाषांतर न्हाई. मी लिवलंय. घरात बसून, चार दिवसांत. फाईलबी मीच चोरली. ह्या सायेबांनी सांगितलं म्हणून. राजमतीवैनींचा काडीचा दोष न्हाई."

राजमतीनं पिशवीतली हिरवी फाईल काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. मग आकारामच्या तोंडून एक शिवी निघाली. सम्राटचा चेहरा लाल झाला. वयाचा काही संबंध नाही, हे इतके दिवस जपून घोकलेलं वाक्य तो रागाच्या भरात विसरला.

"मॅडम, यांचं काय ऐकता! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे हा. या वयात कालचं आज आठवत नाही. अशीच सगळी शोधून यादीत घेतलीयत आम्ही. पन्नाशीच्या पुढं कुणी कामाचं राहतं का?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्यानं तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. बाईंनी शेजारच्या लेखनिकाला सांगितलं, "आत्ताचं त्यांचं बोलणं शब्दाला शब्द लिहून घ्या. आणि त्यांची सही घ्या."

सही करायला सम्राटनं पाच मिनिटं लावली.

तासाभरानं सगळे बाहेरच्या व्हरांड्यात होते. बाईंनी कंपनीला कळवलं होतं की प्रकरण मिटेपर्यंत बदलीचा आग्रह धरू नये, राजमतीची नोटीस मागं घ्यावी, आणि दोन्ही बाजूंनी नव्यानं लेखी म्हणणं द्यावं. जिंकल्याचा आनंद कुणाच्याच तोंडावर नव्हता. पुढं कोर्ट होतं, वकील होते, आणि कंपनीकडं वेळ भरपूर होता. साठीला टेकलेल्या माणसांकडं तेवढाच कमी होता.

नवा अर्ज आकारामच्या मांडीवर होता. तो नावं लिहीत होता. दहा नावं झाल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावलं.

सयाजी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एकटा उभा होता. कंपनी त्याला आता चोरीबद्दल काढणार हे त्यालाही कळत होतं. इकडं यायची त्याची छाती होत नव्हती.

"अकरावं लिहा," राजमती म्हणाली.

"डोकं फिरलंय काय तुमचं?" आकाराम उसळला. "आमच्या अन्नात माती कालवली त्यानं. तुमाला चोर केलं. त्याचं नाव ह्या कागदावर? माझ्या हातानं तर न्हाई!"

"मग द्या हिकडं."

"माफ केलंसा त्याला?"

"न्हाई." तिनं त्याच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला. "ह्या जन्मात करीन असं वाटत न्हाई. पर आपण काय म्हणून भांडतोय, भाऊ? काम बघितलं न्हाई, माणूस चांगला का वाईट बघितलं न्हाई, निसतं वय बघून काढलं, हेच न्हवं? मग आपण चांगली तेवढी दहा निवडून घेतली तर आपल्यात आणि त्या सम्राटमधी फरक काय ऱ्हायला?"

आकारामनं मान फिरवली. पण पेन त्यानं पुढं केलं.

राजमतीनं नाव लिहिलं, 'सयाजी इंगवले', आणि पुढं वयाच्या रकान्यात 'अठ्ठावन्न'. मग तिनं व्हरांड्याच्या त्या टोकाला हाक मारली. आवाजात राग होता तसाच होता.

"या हिकडं. सही करा."